खाली आणि भरेल

रविवारी दुपारी मी अन् माझ्या बायकोनं दोरीची बाज आवळली. सोबत केलेलं आमचं शेवटचं काम तेच.

बाज ढिली पडली होती. झोपलं की मधे खड्डा व्हायचा अन् दोघंही त्या खड्ड्यात घरंगळायचो. सुटी होती म्हणून तिनंच काम काढलं. मी पायथ्याकडची दोरी ओढायचो अन् पुढचा फेरा घेईपर्यंत ताण सुटू नये म्हणून ती पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायची. एकदा मी जोरात ओढली, तिचा अंगठा घासला. ती म्हणाली, "मास्तर, बाज हाये ते, बैल नाई." मग दोघं त्यावर बसून पाहिलं. ताठ झाली होती. तिनं निवडायला लाखोरीची दाळ घेतली, मी माझी वही घेतली.

सोमवारी तिला ताप भरला. गुरुवारी ती गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्याची सवय नाही, अन् गोड करून सांगणं मला जमत नाही. हे लिहितो आहे ते माझ्या भावाच्या नातीमुळं. ती नागपूरला बायोमेडिकल इंजिनिअरिंग का काय म्हणतात त्याचं एम.टेक. करते. दिवाळीला आली तेव्हा तिनं आपलं जाडं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. दवाखान्याच्या यंत्रांचं पुस्तक. मी पानं उलटवत गेलो अन् चित्रांवर बोट ठेवून सांगत गेलो, हा पंप, ही हवेची चावी, हे दाबाचं घड्याळ. पोरगी पाहतच राहिली. "आबा, हे तुमाले कुठून माईत?" तिला घरात कोणी सांगितलं नव्हतं की मीही हेच शिकलो होतो. डिग्री नव्हती तेव्हा त्याची. दोन वर्षांचा कोर्स होता, अन् त्याच्या शेवटी एक परीक्षा. ती म्हणाली, लिहून द्या. म्हणून लिहितो.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. गडचिरोलीही चांद्यातच होती. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षीची, सत्तावन सालची ही गोष्ट. आमचा दवाखाना चांद्यापासून वीसेक मैलांवर, जंगलाच्या कडेला. एका टेकाडावर ऑपरेशनची खोली, वर्कशॉप अन् सिलिंडरचं गोदाम. टेकाडाच्या पायथ्याशी बायांचा वॉर्ड अन् आमच्यासारख्यांची घरं. वर आणि खाली, एवढाच तो गाव समजा.

मी पहिले तिथं विहिरीचा पंप चालवायला लागलो. पंप बिघडला की मीच खोलायचो, मीच जोडायचो. मोठ्या डॉक्टरांनी ते पाहिलं. मुंबईकडून एक इंजिनिअर साहेब आले, दवाखान्याची यंत्रं दुरुस्त करणारी माणसं इथंच तयार करायची म्हणून. आम्ही तिघं शिकणारे. बाकीचे दोघं मॅट्रिक. साहेब फळ्यावर इंग्रजीत लिहायचे, ते दोघं उतरवून घ्यायचे, मी चित्र काढायचो. चित्र बरोबर निघालं की मला यंत्र समजलेलं असायचं. पहिल्या वर्षीच्या परीक्षेत मी दोघांच्या पुढं होतो. हे बढाई म्हणून नाही सांगत. पुढं काय झालं ते समजायला सांगतो.

सिलिंडरचं गोदाम माझ्याकडं होतं. ऑक्सिजनचे सिलिंडर रेल्वेनं चांद्यापर्यंत यायचे, तिथून ट्रकनं. रिकामे झालेले त्याच ट्रकनं परत जायचे. मी खडूनं प्रत्येकावर लिहून ठेवायचो. ज्यात हवा आहे त्यावर 'भरेल'. ज्यातली संपली त्यावर 'खाली'. आमच्याकडं असंच बोलतात. भरेल घागर, खाली घागर. यात समजायला काय आहे?

एक दिवस साहेब गोदामात आले. चष्मा वर करून एका सिलिंडरकडं पाहिलं अन् विचारलं, "हा कधी भरेल?"

मी म्हटलं, "भरेलच हाये, साहेब."

"हो, पण कधी?"

"कालपासून भरेल हाये."

मॅट्रिकवाले दोघं दाराशी होते, ते हसून हसून खाली बसले. साहेबांना उशिरा समजलं, तेही हसले. मग गंभीर होऊन बोलले की असं लिहू नका, भरलेला आणि रिकामा असं लिहा. त्यांच्याकडं म्हणे 'खाली' म्हणजे खालच्या बाजूला, जिन्याच्या खाली, टेकडीच्या खाली.

मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, इथी रिकामा म्हणजे ज्याले कामधंदा नाई तो. सिलेंडर रिकामा कसा राहीन? इथी हमाल हायेत. त्याईले समजलं पायजे."

"आणि उद्या आमच्याकडचं कोणी आलं तर?"

"त्याले मी शिकवीन."

साहेबांनी तो विषय सोडला. माझी जीत झाली असं मला वाटलं. आता इतक्या वर्षांनी सरळ सांगतो. आमच्या हमालाला वाचताच येत नव्हतं. तो खडूकडं पाहायचाही नाही, कोणती रांग कशाची हे त्याला पाठ होतं. म्हणजे 'खाली' अन् 'भरेल' मी त्याच्यासाठी लिहीत नव्हतो. मी माझ्या हट्टासाठी लिहीत होतो.

घरी अभ्यास मी हिच्यासोबत करायचो. ती पोंभुर्ण्याकडची, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण कान असा की एकदा ऐकलं ते राहिलंच. मी वहीतलं मोठ्यानं म्हणायचो, ती दाळ निवडता निवडता ऐकायची. महिनाभरानं तीच साहेब झाली अन् मी शिकणारा.

"सांगा मास्तर, बाटलीत बुडबुडा नाई. काऊन?"

ऑक्सिजन सिलिंडरमधून निघून पाण्याच्या बाटलीतून जातो, मग नळीनं रोग्याच्या नाकात. बाटलीत बुडबुडे निघाले म्हणजे हवा चालू आहे. मी म्हणायचो, "एक, सिलेंडर खाली. दोन, चावी बंद. तीन, नळीले घडी."

"पहिले काय पाहान?"

"नळी. हातानं चाचपून."

"मंग?"

"मंग चावी."

"मंग?"

"मंग सिलेंडर बदलवाचा."

"पास," ती म्हणायची. "जेवाले बसा." आणि चुकलो की जेवायला उशीर करायची. खरंच करायची, गंमत नाही. तिला वाटायचं की मी पास झालो तर वरच्या पक्क्या क्वार्टरात राहायला मिळेल. तिथं चुलीला धुराडं होतं. आमच्या खोलीत धूर व्हायचा अन् ती हिवाळाभर खोकायची.

सोमवारचा ताप मंगळवारी छातीत उतरला. मोठ्या डॉक्टरांनी तिला बायांच्या वॉर्डात घेतलं. न्यूमोनिया आहे म्हणाले, इंजेक्शनं सुरू केली. बुधवारी तिला श्वास पुरेना तेव्हा ऑक्सिजन लावला. सिलिंडर मीच आणला, मीच जोडला. ती त्या बाटलीकडं पाहून हसली. आतापर्यंत नुसतं ऐकलेलं, आता प्रत्यक्ष पाहत होती. डॉक्टर मला बाहेर घेऊन बोलले. औषधाला काम करायला दोन दिवस द्यायचे आहेत, तेवढे दोन दिवस हवा तुटता कामा नये. तुटली नाही तर निभेल.

एवढंच होतं. दोन दिवस हवा तुटू नये. अन् हवेचं काम ज्याचं, तो मी.

परीक्षा गुरुवारी चांद्याला होती. परीक्षा घेणारे मुंबईहून एका दिवसासाठी येणार होते. चुकली की वर्ष गेलं. मी डॉक्टरांना म्हटलं, नाही जात. डॉक्टरांनी तिची नाडी हातात घेतली. ती बोलली. बोलताना दर दोन शब्दांवर थांबत होती.

"जा तुमी. इथी बसून तुमी काय श्वास घेऊन देनार हाय मले?"

मी गेलो. जायच्या आधी गोदामात दोन सिलिंडर वेगळे काढून ठेवले, तिच्यासाठी. दोघांवर खडूनं लिहिलं, भरेल. वॉर्डातला सिलिंडर दुपारपर्यंत पुरणार होता. सकाळच्या मोठ्या सिस्टर बाई आमच्याकडच्याच, त्यांना सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, काळजी नको. दाबाचं घड्याळ, म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा आहे हे ज्याच्या काट्यावर दिसतं ते, वॉर्डातून काढून मी सोबत नेलं. परीक्षेत ते खोलून परत जोडून दाखवायचं होतं. त्याच्या जागी साधी चावी लावून दिली. हवा सोडायला ती पुरते. काटा मात्र तिला नसतो.

मी पास झालो. हे लिहावंच लागेल. घड्याळ खोललं, जोडलं, परीक्षा घेणाऱ्यानं काटा शून्यावर आलेला पाहिला अन् मान हलवली. मॅट्रिकवाल्या एकाचा काटा अडकला. तीनच्या मोटारीनं मी परत निघालो. मोटारीत मी काय विचार करत होतो? त्या पक्क्या क्वार्टरचा. धुराड्याचा. खोटं कशाला लिहू.

चार वाजून गेले होते. मी सरळ वॉर्डात गेलो. दारातूनच बाटली दिसली. बुडबुडा नव्हता. तिचे ओठ जांभळासारखे झाले होते अन् डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडं वळले नाहीत. मी सिलिंडरकडं पाहिलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, खाली.

मी टेकाड चढून गेलो. तिच्यासाठी ठेवलेले दोन्ही सिलिंडर जागेवरच होते. एक खांद्यावर घेतला. दोन माणसांचं ओझं असतं ते. उतारावर दोनदा पडलो. जोडला. बाटलीत बुडबुडे आले. ते येत राहिले. ती दिवेलागणीला गेली, तेव्हाही येतच होते. डॉक्टर जीपनं एका खेड्यातल्या बाळंतिणीकडं गेले होते, ते आले तेव्हा मी अजून बाटलीकडंच पाहत होतो. त्यांनी वाकून चावी बंद केली.

काय झालं ते मला नव्या सिस्टरनं सांगितलं. ती साताऱ्याकडची, वीस-बावीसची असेल. राज्य बदलल्यावर तिकडची माणसं इकडं नोकरीला यायला लागली होती. तिला येऊन तीन आठवडे झाले होते. दुपारी पाळी बदलली, मोठ्या सिस्टर घरी गेल्या अन् वॉर्ड हिच्याकडं आला. दोनच्या सुमारास बाटलीतले बुडबुडे मंद झाले. सिलिंडर संपत आला हे तिला समजलं. इथपर्यंत तिनं सगळं बरोबर केलं. तिनं हमालाला हाक मारली अन् सांगितलं, वरून एक सिलिंडर खाली आण.

हमाल वॉर्डाच्या ओट्यावर बसला होता, तोंडात फडकं कोंबून रडत होता. तोच मधे बोलला. "म्या इचारलं ना भाऊ. दोनदा इचारलं. बाई, खालीच आनू का? थे म्हने, हो, खालीच आण, लवकर. मले वाटलं, काही दुसऱ्या कामाले पायजे असन."

त्यानं खालीच्या रांगेतला आणला. आला तेव्हा सिस्टरनं त्यावरचा खडू वाचला. 'खाली'. खालच्या वॉर्डाचा. तिला बरंच वाटलं, म्हणाली, की कोणीतरी व्यवस्थित लिहून ठेवलं आहे. जोडला, चावी सोडली. संपलेल्या सिलिंडरातही थोडी हवा उरतेच, तेवढी फुसफुसली. बाटलीत पाच-सात बुडबुडे आले. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली बाळंतीण ओरडायला लागली, ती तिकडं धावली. मधे मधे येऊन पाहत होती, पण सिलिंडर नुकताच बदललेला म्हणून बाटलीकडं तिनं पुन्हा निरखून पाहिलं नाही.

पुढचं सांगताना तिनं ओट्याचा खांब धरला.

"त्या नळी चाचपत होत्या. पूर्ण नळी, नाकापासून बाटलीपर्यंत, बोटांनी. मला वाटलं तापात काहीतरी करतायत. मग चावीकडं बोट दाखवलं. मी चावी पाहिली, चालू होती. मग म्हणाल्या, बाई, खाली हाये. मी म्हटलं, हो, खालीच आहे, तुमच्याच वॉर्डाचा आहे. पुन्हा म्हणाल्या, खाली हाये, खाली हाये. मी म्हटलं, हो हो, तुम्ही बोलू नका, दम लागतो."

तिनं खांब सोडला. मग हळूच बोलली, "नंतर त्या बोलल्या नाहीत."

नळी. मग चावी. मग सिलेंडर. क्रम बरोबर होता.

त्या पोरीला मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. एका महिन्यानं ती गाव सोडून गेली. हमाल माझ्या नजरेला नजर देत नव्हता, नंतर त्यानंही लाकडाच्या डेपोत काम धरलं. साहेबांनी मला एकदाही म्हटलं नाही, "मी सांगितलं होतं." म्हणाले असते तर बरं झालं असतं. नव्या माणसाला मी शिकवीन असं मी बोललो होतो, अन् तीन आठवड्यांत त्या पोरीला गोदाम दाखवायला मला एक तास सापडला नाही. परीक्षेचा अभ्यास होता. डॉक्टर म्हणाले, छाती फार भरली होती, हवा मिळाली असती तरी वाचलीच असती असं नाही. ते भल्या मनानं बोलले. त्यांच्या त्या शब्दांचा मला कधी उपयोग झाला नाही.

सर्टिफिकेट टपालानं आलं. तीसेक वर्षं मी त्याच कामात राहिलो. एक्स-रे, पंप, बाळांच्या उबेच्या पेट्या, सगळं दुरुस्त केलं. माणसं वाचली असतील त्यानं. मोजली नाहीत. दुसरं लग्न केलं नाही, त्यात काही मोठेपणा नाही, करावं वाटलं नाही. भावाच्या नातीला एवढंच सांगतो की तुझ्या पुस्तकात रंग आहेत, आकडे आहेत, पट्ट्या आहेत, ते सगळं शीक. अन् यंत्राजवळ जो निजला आहे तो काय म्हणतो, ते त्याच्या बोलीत शीक.

त्या गुरुवारी ती गेली तेव्हा सूर्य मावळला होता म्हणून तिला रात्रभर घरी ठेवलं. सकाळी अंगणात बांबू आले. बाया आत होत्या, माणसं बाहेर बांबू तोडत होती. मी उठलो. लोकांना वाटलं तोंड धुवायला चाललो.

मी टेकाड चढून गोदामात गेलो. तिच्यासाठी वेगळा काढलेला दुसरा सिलिंडर तिथंच उभा होता. दार उघडं ठेवलं, सिलिंडरची चावी फिरवली अन् हवा पूर्ण सोडली. असा आवाज झाला की बाहेरच्या झाडावरचे बगळे उडाले. मी समोर पोत्यावर बसलो. चावीचं पितळ गार पडलं, त्यावर दव धरलं. वॉर्डात तेव्हा आणखी कोणाला हवा लागत होती का, हे मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, अन् जायलाच पाहिजे होती. आवाज हळूहळू बारीक होत गेला. मग नुसती फुसफुस राहिली. मग तीही नाही.

मी धोतराच्या सोग्यानं त्यावरचा खडू पुसला. सिलिंडर तिरपा करून घरंगळत खालीच्या रांगेत नेऊन लावला. लिहिलं काही नाही. खालून कोणीतरी मला हाका मारत होतं, बांबू बांधून झाले होते. मी दाराला कडी लावली अन् उतरलो.